दारावरची चौकशी

गावाचं नाव सांगत नाही. मंचरपासून फार लांब नाही, एवढं पुरे. सावळारामआप्पांनी दिवाळीपासून होळीपर्यंत खटपट करून जी वस्तू आपल्या घराला मिळवून द्यायचा प्रयत्न केला तिला प्रायव्हसी म्हणतात, आणि ती काही त्यांना मिळाली नाही. निदान आपण तरी त्यांचा पत्ता छापू नये.

आप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या आणि उशीर का झाला ते भोंग्यावरून लोकांना सांगितलं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, खिडकीची सवय सुटली नाही. घराच्या उघड्या दारात खुर्ची टाकून ते गल्लीची ये-जा बघत बसायचे. दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्रीची जेवणं झाली की लागायचं. गावाकडे दिवसाढवळ्या दार लावलेलं दिसलं की लोक तीनच अर्थ काढतात. घरात कुणी गेलं, नवरा-बायकोचं वाजलं, किंवा मटण शिजतंय आणि वाटेकरी नको आहे. आप्पांच्या घरी तिन्ही गोष्टी क्वचितच घडत, म्हणून दार उघडं.

या उघड्या दारानेच घात केला. पार्सलं वाटणारा कुंडलिक हा महाळुंगे पडवळचा, पन्नाशीचा गडी. सकाळी रानातली कामं उरकायची आणि दुपारी मोटारसायकलला दोन गोण्या बांधून पंचक्रोशीत पार्सलं टाकत हिंडायचं, असा त्याचा दिनक्रम. घरोघरी फोन करा, ओटीपी विचारा, कुलूप बघून परत फिरा, हे त्याला परवडत नव्हतं. त्यापेक्षा आप्पांचं दार बरं. पूर्ण गल्लीची पार्सलं तो आप्पांच्या फ्रिजवर ठेवायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि एकेका डब्यावरचं नाव स्टँडवर गाडी पुकारावी तसं पुकारायचा. त्यातली बरीचशी पार्सलं समृद्धीच्या नावावर असायची.

समृद्धी ही आप्पांची एकुलती मुलगी. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, वय अठ्ठावीस, स्थळं बघणं चालू. तिच्या नावावर येणारी पार्सलं मात्र तिची नव्हती. ती समोरच्या हस्तीमलशेठच्या सुनेची, टीनाची होती.

हस्तीमलशेठचं खाली कापडदुकान आणि वर घर. वडील मारवाडातून आले, शेठ मात्र इथेच जन्मले, आणि आता पंचक्रोशीत कुणाचंही लग्न त्यांच्या दुकानावरून गेल्याशिवाय होत नाही. अशा माणसाच्या सुनेला ड्रेस ऑनलाइन येतात हे गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाची काय शोभा राहणार? दोन वर्षांपूर्वी शेठ स्वतः आप्पांकडे आले होते आणि चहा न घेता म्हणाले होते, "आप्पा, तरुण पोर आहे, ऐकत नाही. पार्सल तुमच्या घरी येऊ द्या. समृद्धीच्या नावाने येऊ द्या. एवढी अब्रू राखा." आप्पांनी शब्द दिला. शब्द देताना माणसाला कसं बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं होतं.

मग दिवाळीनंतर नारायणगावाकडचं एक स्थळ आलं. आपल्याकडे मुलगी बघायच्या आधी चौकशी होते. मुलाकडचा कुणीतरी अनोळखी माणूस गावात येतो, चहा पितो, दोघा-तिघांशी पावसापाण्याचं बोलतो आणि घराची सगळी कुंडली घेऊन जातो. त्या स्थळाचा माणूस येऊन बसला तो नेमका हस्तीमलशेठच्या दुकानात. दोन तासांत त्याने शेठचे दोन कप चहा प्यायले आणि समोरच्या दारातून आत गेलेली अकरा पार्सलं मोजली. कुंडलिकने त्यातल्या सात पार्सलांवर समृद्धीचं नाव मोठ्याने वाचलं. शेठना सगळं दिसत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण दोन तासांत अकरा पार्सलं, म्हणजे हात सैल आहे.

"पोरीच्या अंगावर चार वर्षांमागचा ड्रेस," आप्पांच्या पत्नी सारजाबाई म्हणाल्या, "आन लोक म्हनत्यात उधळी. सांगा की तुमी खरं काय ते."

"शब्द दिलाय," आप्पा म्हणाले.

"मग शब्दालाच उजवा," सारजाबाई म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

आप्पांनी विचार केला. खरं सांगता येत नाही, तर निदान दिसू तरी देऊ नये. उद्यापासून दार बंद. वरवर पाहता हा निर्णय साधा होता.

पहिल्या दिवशी नऊ वाजता दार लागलं. साडेनऊला शेजारच्या कोंडाबाई आल्या. कोंडाबाईंच्या चार शेळ्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरावर बारीक लक्ष. त्यांनी दारावर हळूच थाप मारली, पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "कधी झालं?" काही झालं नाही असं आप्पांनी सांगितलं, तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. दुपारपर्यंत चौदा माणसं येऊन गेली. त्यातल्या दोघांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली होती. ओतूरहून आप्पांच्या मावसभावाचा फोन आला की अंत्यविधीला किती वाजता पोचायचं. आप्पांनी स्वतःच फोन उचलल्यामुळे तो गडबडला आणि "मग वैनी का?" असं म्हणाला. पिठलं मात्र चांगलं झालं होतं, ते सगळ्यांनी खाल्लं.

दार बंद ठेवायचं तर बेल हवी, हे त्या दिवशी ठरलं. समृद्धीने कॅमेऱ्याची बेल आणली. बटण दाबलं की बाहेरच्या माणसाचा चेहरा मोबाईलवर दिसतो आणि आपण कुठूनही त्याच्याशी बोलू शकतो. आप्पांच्या मोबाईलला ते अॅप पेललं नाही, म्हणून ते समृद्धीच्या मोबाईलवर बसलं. दारावरच्या बेलचा आवाज किती ठेवायचा ते मात्र आप्पांनी ठरवलं. स्टँडवर शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू गेलं पाहिजे हा त्यांचा जुना नियम होता. त्यांनी आवाज पूर्ण ठेवला.

बेल लागून आठवडा झाला नाही तोच ग्रामपंचायतीचा कागद आला. सार्वजनिक रस्त्याचं चित्रीकरण होत असल्याची तोंडी तक्रार आली असून चतुःसीमेच्या चारही बाजूंची ना हरकत सात दिवसांत सादर करावी. तक्रार कुणाची ते लिहिलं नव्हतं, आणि कोंडाबाई त्या आठवड्यात आप्पांशी फारच गोड बोलत होत्या.

आप्पा कागद घेऊन कचेरीत गेले. "पूर्वेला कोंडाबाई, उत्तरेला हस्तीमल, दक्षिणेला माझंच मोकळं वावर," आप्पांनी सांगितलं.

"पश्चिमेला?" कारकुनाने विचारलं.

"मुंजोबाचं देऊळ."

"त्यांची सही आणा."

"मुंजोबाची?"

"ट्रस्टची हो," कारकून म्हणाला. त्याला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ट्रस्टचे विश्वस्त दोन, आणि देवळाच्या पत्र्याचा रंग कोणता असावा यावरून त्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. आप्पांनी दोघांकडे वेगवेगळा कागद नेला. पहिल्याने दुसऱ्याची सही असेल तर आपली नाही असं सांगितलं, दुसऱ्यानेही तेच. शेवटी दोघांनी दोन कागदांवर सह्या केल्या आणि कारकुनाने ते एकाच पिनेला टोचले. मुंजोबाची हरकत मिटली.

कोंडाबाईंची सही अवघड गेली. कॅमेऱ्यात आपण दिसतो ही त्यांची तक्रारच नव्हती. आपल्या शेळ्या दिसत नाहीत, ही तक्रार होती. "बिबट्या काल खालच्या मळ्यात व्हता म्हनं," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र नुसतं माज्या वट्याकडं तोंड करून बसलंय. जरा गोठ्याकडं वळवा, मग देते अंगठा." आप्पांनी यंत्र वळवलं. हस्तीमलशेठनी सही ताबडतोब केली, पण कॅमेऱ्यात दुकानाचं शटर आलं तर बरं, एवढं सुचवून केली. दोन्ही बाजू साधता साधता कॅमेऱ्यात चार शेळ्या, अर्धं शटर आणि बेल दाबणाऱ्याची हनुवटी एवढंच दिसायला लागलं.

मग आप्पांनी दाराशेजारी सूचनाफलक लावला, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, स्टँडच्या पद्धतीने. बेल एकदाच वाजवावी. पार्सल कुणाचे व त्यात काय, हे मोठ्याने वाचू नये. पाणी मिळेल, बसता येणार नाही. आतील माणसांची चौकशी करू नये. हुकमावरून.

कुंडलिक हा फलक दोनदा वाचून गाडीवरून उतरलाच नाही. "आप्पा, मी तुमच्या घरात फ्रिजपर्यंत येनारा मानूस. मला बसता येनार न्हाई?" आप्पा म्हणाले की हे तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. कुंडलिक म्हणाला, "सगळं म्हंजी कोन? हितं येतंय कोन माज्याबिगर?" त्या दिवसापासून कुंडलिक रुसला. आप्पांच्या दाराला तो शिवेना. गल्लीची पार्सलं कोंडाबाईंच्या गोठ्याच्या कठड्यावर ठेवून निघून जायला लागला.

तिसऱ्या दिवशी शेळीने टीनाचं पार्सल फोडलं आणि आतला ड्रेस बाहीपर्यंत खाल्ला. हे मात्र कॅमेऱ्यात स्वच्छ टिपलं गेलं. एवढ्या खटपटीने उभारलेल्या सुरक्षाव्यवस्थेने पकडलेला हा पहिला गुन्हा, आणि फिर्यादीला पुढे येता येईना. ड्रेस आपल्याकडचा आहे असं शेठ म्हणू शकत नव्हते, आणि शेळी आपली आहे असं कोंडाबाई म्हणत नव्हत्या. शेठनी संध्याकाळी आप्पांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "बाही उरली का?"

हस्तीमलशेठनीच मग बोटाने उघडणाऱ्या कुलपाचा सल्ला दिला. त्यांच्या मेहुण्याकडे पुण्याला होतं. मंचरहून एक कारागीर आला, मोबाईलवर दुसऱ्याच कुणाशी बोलत बोलत त्याने कुलूप बसवलं आणि अंधार पडायच्या आत गेला. समृद्धीचं बोट लागलं, सारजाबाईंचं लागलं. आप्पांचा अंगठा काही लागेना. चाळीस वर्षं डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळून त्या अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. रेशनच्या मशीनलाही तो दिसत नसे. "दुसऱ्या एखाद्या बोटाचं सकाळी बघू," आप्पा म्हणाले.

सकाळी सारजाबाई लवकर उठून भावाकडे गेल्या. जाताना मागच्या दाराला बाहेरून टाळं लावून गेल्या, कारण सुरक्षेचं वारं आता त्यांनाही लागलं होतं. समृद्धी कॉलेजला गेली आणि पुढचं दार ओढून घेतलं. दहा वाजता आप्पांना तंबाखू आणायला बाहेर पडायचं होतं. त्यांनी अंगठा लावला. "कृपया पुनः प्रयास करें," कुलूप म्हणालं. त्यांनी दहाही बोटं लावली. कुलूप दहा वेळा तेच म्हणालं, दहाही वेळा अदबीने. कारागिराला फोन केला तर तो चारला येतो म्हणाला. शेजाऱ्यांना हाक मारावी, तर आपल्याच सुरक्षेत माणूस अडकला हे गावभर होणार. आप्पा पंख्याखाली बसून राहिले.

त्याच वेळी मध्यस्थाचा फोन आला. ओतूरकडचं चांगलं स्थळ आहे. मुलाचा मामा आज चौकशीला निघाला आहे, तुम्हाला कळवू नका असं बजावून निघाला आहे, म्हणून कळवतो.

फोन ठेवला आणि बेल वाजली. आप्पांनी दाराच्या फटीला डोळा लावला. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी, साठीचा गृहस्थ. मध्यस्थाने नाव सांगितलं होतं, कुशाबा. हेही स्थळ गेलं तर सारजाबाईंना काय सांगायचं, आणि समृद्धीला तर काय तोंड दाखवायचं? त्यांनी घाईने तिला फोन लावला. तो लागेना, कारण बेल तिच्याच फोनवर वाजत होती.

"कोण पाहिजे?" समृद्धीचा आवाज गल्लीभर घुमला. कोंडाबाईंच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

कुशाबांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि शेवटी बटणाशी बोलायचं ठरवलं. "कुनी न्हाई. वाटंनं चाललो व्हतो. जरा टेकलो."

"टेका की. त्याला बेल वाजवावी लागत नाही."

"तुमी या घरच्या का, बाई?"

"मी इथलं दार बघते."

"म्हंजी कामाला. मग तुमाला ठावं असंल. या घरातली पोरगी कशीय?"

"कशासाठी?"

"भाच्यासाठी बगतोय. उगंच खोटं कशाला बोलू."

"मुलगी चांगली आहे, असं तिचं मत आहे," समृद्धी म्हणाली.

कुशाबांनी मान डोलावली. "हात सैल हाय म्हनत्यात. रोज पार्सलं येत्यात म्हनं."

आप्पांनी आत डोळे मिटले. समोर हस्तीमलशेठ गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते, त्यांची मीटरपट्टी हातातच राहिली. दुकानातल्या चार बायका दाराकडे वळल्या. वरच्या मजल्यावर शेठच्या आई भंवरीबाई सामायिकाला बसलेल्या. अठ्ठेचाळीस मिनिटं जागेवरून हलायचं नाही असं ते जैनांचं व्रत, त्यामुळे खिडकी लावायलाही त्यांना उठता आलं नाही. पुढचं सगळं त्यांनी डोळे मिटून, नाइलाजाने ऐकलं.

"अकरा मोजली होती मागच्या माणसाने," समृद्धीचा आवाज आला. "त्यातली सात समोरच्या हस्तीमलशेठच्या सुनेची. तीन कोंडाबाईंच्या मुलाची. एक आप्पांचा गुडघ्याचा पट्टा. मुलीचं एकही नाही."

"मग घरचं सांगत का न्हाईत?"

"आप्पांनी शब्द दिलाय. शेजाऱ्याच्या दुकानाची अब्रू राखायची म्हणून स्वतःच्या मुलीला उधळी म्हणवून घेतलं. कुणाला काही बोलले नाहीत. फलक लावले, कॅमेरे लावले, पण नाव घेतलं नाही. मला त्याचा राग येतो. पण दिलेला शब्द एवढा पाळणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही."

आप्पा दाराशी चपलांच्या शेजारी खाली बसले. पोरीला हे सगळं कळत होतं आणि ती गप्प होती, हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

समोर दुकानात शेठ भानावर आले. "सून आहे, काय करणार," ते त्या चार बायकांना म्हणाले. "पण त्या ड्रेसचं कापड काय लायकीचं असतं, ते शेळीला विचारा. हे बघा, हे खरं कॉटन." बायका पुन्हा आत वळल्या.

कुशाबा मात्र तिथेच पायरीवर टेकले होते. "बाई, 'मला राग येतो' म्हनालात."

"हो. मी समृद्धी."

कुशाबा उठून उभे राहिले आणि बटणासमोर सदरा नीट केला. "ताई, माफी करा. चौकशीची रीत हाय म्हनून आलो."

"रीत आहे तर पुरी करू. भाचा काय करतो?"

"द्राक्षबाग हाय. दोन एकर टोमॅटो. बीएस्सी अॅग्री झालाय."

"जेवलेलं ताट उचलतो का?"

कुशाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "न्हाई," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू. आमच्यात कुनीच उचलत न्हाई. मीबी न्हाई."

"मुली किती बघितल्या?"

"चौदा. पैल्या पाच आमी नापसंत केल्या. मंग नऊजनींनी आमाला केलं. त्यो मला म्हनला, मामा, आता तुमी चौकशी बंद करा, हाय त्ये माज्यावर सोडा. तरी सवय जात न्हाई."

बेलमधून हसू आल्यासारखं वाटलं. कुशाबांना उन्हात चक्कर आल्यासारखं झालं असावं, किंवा नुसता आधार हवा असावा. त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला आणि मूठ फिरली. दार सहज उघडलं. मोबाईलवर बोलता बोलता कारागिराने कुलूप उलटं बसवलं होतं. आतल्या माणसाला बोट लागत होतं आणि बाहेरच्याला मूठ पुरत होती. कालपासून गावातलं कुणीही आत येऊ शकलं असतं.

दारात कुशाबा उभे होते आणि खाली चपलांत आप्पा बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक चोरून चौकशीला आलेला, दुसरा चोरून ऐकत बसलेला, त्यामुळे कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

"राम राम," कुशाबा म्हणाले.

"राम राम. या, आत या," आप्पा गुडघा धरून उठत म्हणाले.

"आप्पा?" बेल म्हणाली. "तिथेच आहात का? बरं झालं. पाहुण्यांना पाणी द्या, चहा ठेवा. आणि त्यांना सांगा, विचार करून कळवतो म्हणून."

हे वाक्य आप्पांनी तीन वर्षांत सहा वेळा ऐकलं होतं, पाचदा फोनवर आणि एकदा परक्याच्या ओसरीवर उभं राहून. सहाही वेळा मान हलवून त्यांनी "काही घाई नाही" म्हटलं होतं आणि घरी येताना वाटभर सारजाबाईंना कसं सांगायचं याचा विचार केला होता. स्वतःच्या तोंडाने ते कसं म्हणायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या कुशाबांच्या हातात दिला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि घसा साफ केला.

"विचार करून कळवतो," आप्पा म्हणाले.

कुशाबांनी मान हलवली. "काई घाई न्हाई," ते म्हणाले. मग टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "पर साधारन कदीपर्यंत?"